लेसोथोला जातोयस, तर

चि. बंड्यास,


ताईकडून तुझा बेत कळला. डर्बनचं काम आटोपल्यावर तुझ्या हाती आठवडा आहे आणि त्यातला एक दिवस लेसोथोला: सकाळी जीपने सानी पास चढायचा, वर जेवायचं, संध्याकाळी खाली. हा बेत बदल, एवढं सांगायला हे पत्र. घाट देखणा आहे, वाद नाही. पण वर २,८७६ मीटरवर पोचल्यावर देश नुकता कुठे सुरू होतो, आणि तिथल्याच पबमध्ये फोटो काढून बहुतेक मंडळी परत फिरतात. तू सगळा आठवडा त्या देशाला दे.

आधी कागदपत्रं. लेसोथो चहूबाजूंनी दक्षिण आफ्रिकेने वेढलेला आहे. तिथे गेलास म्हणजे दक्षिण आफ्रिकेतून बाहेर पडलास, आणि परतताना पुन्हा प्रवेश लागणार. त्यामुळे दक्षिण आफ्रिकेचा व्हिसा मल्टिपल एन्ट्रीचाच हवा. लेसोथोचा व्हिसा वेगळा. पैशांची कटकट नाही, रँड सगळीकडे चालतो; मात्र सुटे म्हणून हाती येणारे तिथले मालोती सीमा ओलांडण्याआधीच खर्च कर, पलीकडे ते सहसा कोणी घेत नाही. मलेरिया नाही, पण ऊन आणि थंडी दोन्ही जबर. देशातली सगळ्यात सखल जागाच १,४०० मीटरवर आहे. जून ते ऑगस्ट बर्फ पडतं. सप्टेंबरात जाता आलं तर पाहा, तेव्हा गावोगावी पीचची झाडं गुलाबी फुललेली असतात.

राजधानी मासेरूहून पहिल्यांदा थाबा बोसिऊच्या डोंगरी गडावर जा. राजगड-तोरणा पायाखाली घातलेल्या तुला तो सपाट माथा आणि ते तुटलेले कडे परके वाटणार नाहीत. १८२४ मध्ये बासोथो राष्ट्र उभं करणारा मोश्वेश्वे आपली माणसं आणि गुरं घेऊन तिथे आला. या वाटचालीत त्याच्या आजोबांना नरभक्षकांनी खाल्लं. पुढे ते लोक हाती लागले, तेव्हा यांच्या पोटात माझ्या आजोबांची कबर आहे, ती मी कशी उखडू, असं म्हणून त्याने त्यांना जगू दिलं, अशी आठवण बासोथो लोक आजही सांगतात. न्देबेले आले, बोअर आले. गड पडला नाही. जमीन मात्र तुकड्यातुकड्याने बोअरांकडे जात राहिली, तेव्हा म्हाताऱ्या मोश्वेश्वेने ब्रिटिशांचं संरक्षण मागितलं आणि १८६८ मध्ये ते मिळालं. म्हणून हा मुलूख पुढे दक्षिण आफ्रिकेत विरला नाही आणि ४ ऑक्टोबर १९६६ ला स्वतंत्र झाला. नकाशावर तो शेजाऱ्याच्या पोटातला ठिपका दिसतो, पण तू तिथे स्वतंत्र देशात जातोस तसा जा.

मग डोंगरात. मालेआलेआ किंवा सेमोनकोंगला राहा आणि गावातल्याच माणसाकडून तट्टू घे, म्हणजे पैसे गावात राहतात. उतारावर लगाम खेचू नकोस, मागे रेल आणि वाट त्याला निवडू दे; बासोथो तट्टाचा पाय सहसा चुकत नाही. सेमोनकोंगजवळ मालेत्सुन्याने नदी १९२ मीटर सरळ खाली कोसळते. काठावर निवांत बस, घाईने उठू नकोस.

रस्त्यात गुराखी पोरं भेटतील: गमबूट, हातात काठी, अंगावर लोकरीचं ब्लँकेट. ते ब्लँकेट नीट बघ. त्यात बोटभर रुंदीचे पट्टे विणलेले असतात आणि ते उभेच राहतील असं ते पांघरतात, कारण उभा पट्टा म्हणजे वाढ, भरभराट. बायका ते छातीवर मोठ्या पिनेने अडकवतात, पुरुष खांद्यावर. लग्नात, बाळंतपणात, राजदरबारी, प्रत्येक ठिकाणी त्याला मान आहे. तेव्हा गंमत म्हणून गुंडाळून सेल्फी काढू नकोस; हवं असेल तर विकत घे आणि कसं पांघरायचं ते एखाद्या आजीकडून शिकून घे.

कुणालाही काही विचारण्याआधी थांबून ‘दुमेला, न्ताते’ म्हण, बाईमाणूस असेल तर ‘दुमेला, म्मे’. नमस्कार न करता रस्ता विचारणं तिथे उद्धटपणाचं. फोटो विचारूनच. वयात येण्याच्या दीक्षाविधीसाठी डोंगरात ठेवलेली मुलं दिसली तर कॅमेरा बाहेरच काढू नकोस, त्या बाजूला फिरकूही नकोस. पोरं ‘स्वीट्स, स्वीट्स’ करत गाडीमागे धावतील. खिडकीतून गोळ्या फेकू नकोस, अगदी एकही नाही. पर्यटकांनी लावलेली ही सवय आहे आणि तिच्यापायी मुलं चालत्या गाडीच्या चाकाशी येतात.

शेवटचे दोन दिवस कात्से धरणासाठी ठेव. १८५ मीटर उंचीची ती कमानी भिंत बघून छाती दडपते. १९८६ च्या कराराने हे डोंगरातलं पाणी बोगद्यांतून जोहान्सबर्गकडे वळवलं. आम्ही जोहान्सबर्गला राहत असताना आमच्या नळाला हेच पाणी यायचं. लेसोथोला त्याचे पैसे मिळतात, सरकारी तिजोरीला त्यांचा मोठा आधार आहे. पण कुरणं आणि शेतं त्या जलाशयाखाली गेली, आणि डोंगरातल्या कितीतरी वस्त्यांवर बायका अजून झऱ्यावरून डोक्यावर पाणी आणतात. धरण दाखवणारा माणूस काँक्रीटचे आकडे सांगेल, ते ऐकच. नंतर जवळच्या गावात मुक्काम कर, पापा (मक्याची घट्ट लापशी) आणि मोरोहो (पालेभाजी) जेव, आणि पाणी भरण्याआधी खोरं कसं होतं ते घरातल्या वडीलधाऱ्यांना विचार. ते काय सांगतात ते मला सविस्तर कळव.

तुझी,
मावशी