टेबलावरचा मोबाईल 180 मीटर कसा गेला?

एस.टी. एकदम सुटली की आपण मागे ढकलले जातो. दर सेकंदाला वेग किती वाढला, त्याला त्वरण म्हणतात. मोबाईलमधला त्वरणमापक ते मोजतो. त्यावरून अंतरही काढता येते.

समजा, उभी गाडी सुटली. पहिल्या तीन सेकंदांत तिचा वेग 1, 2 व 1 मीटरने वाढला. बेरीज करत गेलो की वेग होतो 1, 3, 4. प्रत्येक सेकंदाचा सरासरी वेग 0.5, 2 व 3.5. एकूण 6. गाडी 6 मीटर गेली.

मी गुरुजींचा मोबाईल टेबलावर ठेवून मिनिटभर असाच हिशोब केला. उत्तर 180 मीटर! सगळे हसले. मला रडूच आले. बेरीज तीनदा तपासली, बरोबर होती.

गुरुजी म्हणाले, "बेरीज नाही, टेबल बघ." टेबल किंचित कलते होते. गुरुत्वाकर्षणामुळे शून्याऐवजी 0.1 येत होते. मिनिटात वेग 6 झाला, सरासरी 3. 3 × 60 = 180!

23 ऑगस्ट 2023 ला चंद्रावर उतरताना चांद्रयान-3 च्या विक्रमने त्वरणमापकाच्या जोडीला लेसरनेही उंची व वेग मोजला, तो यासाठीच.

आता मी आधी स्थिर मोबाईलचा आकडा वजा करतो. चूक लहान असतानाच काढावी!

– इयत्ता सातवी