झिजलेली चावी, जुनी जीप आणि हातातली पॉलिसी

तुमच्या जुन्या जीपची चावी खिशातून काढा आणि उजेडात धरा. दातांच्या कडा गोल झाल्या आहेत का? वरचा पांढरा मुलामा जाऊन आतले पितळ दिसते आहे का? आता आणखी एक गोष्ट करा. गाडी घराच्या अंगणात उभी करा, हँडब्रेक लावा, इंजिन चालू ठेवा आणि चावी हळूच बाहेर ओढून पाहा. चावी हातात आली आणि इंजिन चालूच राहिले, तर चावी आणि कुलूप दोन्ही झिजले आहेत. असे कुलूप दुसऱ्या गाडीच्या चावीने, कधी कधी नुसत्या पेचकसानेही फिरते.

बचतीच्या पुस्तिकेत हा विषय कशाला, असे वाटेल. सिहोऱ्यासारख्या गावात जुनी जीप हीसुद्धा बचतच असते. जबलपूर-कटनी रस्त्यावरच्या या भागात जुन्या दणकट गाड्या अजून रोज राबतात: महिंद्राच्या जीप, कमांडर, मारुतीची जिप्सी, आणि क्वचित एखादी जोंगा. जोंगा तर आपल्याच जिल्ह्याची. ‘जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली’ या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून तिचे नाव पडले. निसान पेट्रोलच्या नमुन्यावर ती १९६९ पासून जबलपूरच्या वाहन कारखान्यात लष्करासाठी तयार होत असे. अशा गाडीत घरातले दोन-तीन लाख रुपये अडकलेले असतात. बँकेतल्या ठेवीची पावती आपण कपाटात कुलूप लावून ठेवतो. ही ठेव मात्र रात्रभर दारात उभी असते.

झीज कशी होते

गाडीच्या कुलपाच्या नळीत पितळेच्या पातळ पट्ट्या असतात आणि प्रत्येकीखाली बारीक स्प्रिंग असते. योग्य चावी आत गेली की तिच्या खाचांमुळे सगळ्या पट्ट्या नळीच्या काठाशी समपातळीत येतात आणि नळी फिरते. वीस-पंचवीस वर्षे चावी घालून-काढून दोन्ही बाजू घासतात. मग आपली चावी कधी अडते आणि परकी चावी कधी चालते.

अशा वेळी आपण चावीवाल्याकडे जातो आणि तीच झिजलेली चावी त्याच्या हातात देतो. यंत्र बिचारे समोर आहे तेच कापणार. नव्या चावीत जुनी झीज जशीच्या तशी उतरते. त्यापेक्षा घरात पडून असलेली, न वापरलेली दुसरी चावी शोधा आणि तिच्यावरून नक्कल काढा. अनेक चाव्यांवर किंवा कुलपाच्या नळीवर क्रमांक कोरलेला असतो. त्या क्रमांकावरून मूळ मापाची चावी कापता येते. हा क्रमांक वहीत लिहून ठेवा, पण चावीच्या गुच्छाला चिठ्ठी बांधू नका.

पट्ट्याच झिजल्या असतील तर नुसती चावी बदलून उपयोग नाही. चांगला कारागीर नळी उघडून पट्ट्या बदलून देतो. ते जमत नसेल तर इग्निशनचा पूर्ण स्विच नव्या चाव्यांसह बदलावा. पक्के बिल घ्या. त्यावर गाडीचा क्रमांक, तारीख आणि ‘इग्निशन कुलूप बदलले, चाव्या दोन’ असे लिहून घ्या. जुन्या चाव्याही फेकू नका. गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी सर्वसाधारणपणे सगळ्या चाव्या मागते. दोनपैकी एकच चावी दिली, किंवा दिलेल्या चाव्या जुन्या कुलपाच्या निघाल्या, तर पहिला संशय मालकावर येतो. हे बिल त्या वेळी तुमच्या बाजूने बोलते. चावी हरवली असेल तर त्याच आठवड्यात पोलिसांत नोंद करा आणि कंपनीला लेखी कळवा. चोरी झाल्यानंतर ‘एक चावी मागेच हरवली होती’ असे सांगणे फार महागात पडते.

नऊ हजार भरले, पण कशाचे?

खरा घाटा बहुतेक वेळा इथे होतो. समजा, सिहोऱ्यातल्या एका निवृत्त शिक्षकांची २५०० सीसीची जीप आहे. ते दर वर्षी न चुकता विमा भरतात. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दराने १५०० सीसीवरच्या खासगी मोटारीचा थर्ड पार्टी हप्ता ७,८९७ रुपये आहे. १८ टक्के कर धरला की तो ९,३१८ रुपये होतो. एवढी रक्कम भरली म्हणजे गाडी सुरक्षित आहे, असे त्यांना वाटते. पण थर्ड पार्टी म्हणजे तुमच्या गाडीमुळे दुसऱ्याचे झालेले नुकसान. तुमची स्वतःची गाडी चोरीला गेली तर या पॉलिसीतून एक रुपयाही मिळत नाही.

तुमची पॉलिसी काढून पहिल्या पानावर पाहा. तिथे फक्त ‘लायबिलिटी ओन्ली’ असेल तर चोरीचे कवच नाही. कवच हवे असेल तर सर्वसमावेशक म्हणजे पॅकेज पॉलिसी लागते. फार जुनी गाडी पॅकेजमध्ये घ्यायला काही कंपन्या नाखूश असतात आणि आधी तपासणी करतात. अशा वेळी थर्ड पार्टीसोबत फक्त आग व चोरीचे कवच देता का, असे विचारा. दरपत्रकात ही सोय होती, पण एजंट ती आपणहून क्वचितच सांगतो.

दुसरा आकडा पाहायचा तो आयडीव्हीचा. गाडी चोरीला गेली तर याच रकमेवर भरपाई मोजतात. पाच वर्षांपर्यंतच्या गाडीला घसाऱ्याचा ठरलेला तक्ता आहे. पाच वर्षांहून जुन्या आणि उत्पादन बंद झालेल्या गाडीची किंमत मात्र मालक आणि कंपनी यांनी एकमेकांच्या संमतीने ठरवायची असते. म्हणजे बोलायची संधी आहे, आणि ती बहुतेक जण सोडून देतात. हप्ता चारशे रुपयांनी कमी व्हावा म्हणून तीन लाखांची गाडी एक लाख वीस हजारांना लिहून घेतली, तर चोरीनंतर हातात तेवढेच येतील आणि त्यातूनही १५०० सीसीवरच्या गाडीला सक्तीची २,००० रुपये वजावट होईल. गाडीचे फोटो, दुरुस्तीची बिले आणि तशाच गाड्यांचे बाजारभाव दाखवून किंमत ठरवा.

कागद गाडीशी जुळले पाहिजेत. पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवले असेल आणि आरसीवर नोंद नसेल, तर ती आधी करून घ्या. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण लागते, तेही पाहा. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर एका नव्या बोलेरोचे प्रकरण आले होते. तिची तात्पुरती नोंदणी संपल्यानंतर काही दिवसांतच ती जोधपूरहून चोरीला गेली. विमा चालू होता, तरी भरपाई नाकारणे योग्य ठरले.

चोराला वेळ लागला पाहिजे

कापडी टपाच्या जीपला दाराचे कुलूप म्हणजे नुसता देखावा. शिवाय जुन्या गाडीत इमोबिलायझर नसतो. पेट्रोल गाडीत लपवलेला कट-ऑफ स्विच चांगले काम करतो. जुन्या डिझेल इंजिनाचे तसे नाही. त्यातली बरीचशी एकदा सुरू झाली की विजेशिवाय चालतात. चोर उतारावरून धक्का देऊन गाडी सुरू करू शकतो. म्हणून डिझेलमध्ये इंधनाच्या नळीवर लपवलेली झडप जास्त उपयोगी. स्टिअरिंग आणि क्लचच्या पायपट्टीला जोडणारी साखळी, बोनेटला वेगळे कुलूप आणि एक ट्रॅकर, एवढ्याने चोराची घाई मोडते. फोर व्हील गाडीत ट्रान्सफरचा दांडा न्यूट्रलमध्ये ठेवून त्याला कुलूप लावतात. पण मग गिअरमध्ये ठेवलेली गाडीही घसरते, त्यामुळे हँडब्रेक पक्का हवा आणि चाकाखाली दगड हवा.

विम्यात चोरीरोधक यंत्रासाठी नुकसान-हप्त्याच्या अडीच टक्के, जास्तीत जास्त ५०० रुपये सूट चालत आली आहे. ती पुण्याच्या एआरएआयने मान्य केलेल्या आणि बसवल्याचे प्रमाणपत्र असलेल्या यंत्रालाच मिळते. साखळीला ती मिळत नाही. साखळी तरीही लावा.

गाडी गेलीच तर

त्याच दिवशी ठाण्यात एफआयआर करा. वाहनचोरीसाठी मध्य प्रदेश पोलिसांची ई-एफआयआरचीही सोय आहे. कंपनीला त्याच दिवशी फोन करा आणि लेखीही कळवा. २०२० मध्ये एका ट्रॅक्टरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की एफआयआर लगेच झाली असेल, तर केवळ कंपनीला उशिरा कळवले म्हणून दावा नाकारता येत नाही. पण तो ट्रॅक्टर २०१० मध्ये गेला होता! दहा वर्षे वाट पाहण्यापेक्षा एक फोन स्वस्त. पुढे तपास लागला नाही तर पोलिसांचा खात्मा अहवाल लागतो, त्याचा पाठपुरावा तुम्हालाच करावा लागेल.

चावी गाडीतच राहिली होती, किंवा खासगी जीप भाड्याने नेली होती, तर खरे तेच सांगा. अशा काही प्रकरणांत न्यायालयांनी मंजूर रकमेच्या ७५ टक्के द्यायला लावले आहेत. तीन लाखांवर ते सव्वादोन लाख होतात. खोटी कहाणी रचली तर तेही जातात.

दावा नाकारला तर कंपनीकडे लेखी तक्रार करा. तीस दिवसांत समाधान झाले नाही, तर भोपाळच्या विमा लोकपालाकडे जा. तिथे शुल्क नाही आणि वकील लागत नाही, मात्र कंपनीच्या नकारानंतर एका वर्षाच्या आत अर्ज द्यावा लागतो. जबलपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाची मुदत दोन वर्षांची आहे. दोन्हीकडे जाताना एफआयआरची प्रत, पॉलिसी, नकाराचे पत्र आणि चावीवाल्याचे ते बिल बरोबर ठेवा.