मणक्यातल्या ‘गॅप’ची धास्ती आणि जुनी कंबरदुखी

वाचकहो, या सदराकडे येणाऱ्या पत्रांत सर्वाधिक पत्रे कोणत्या दुखण्याची असतात, याचा अंदाज करा पाहू. मधुमेहाची नव्हेत, रक्तदाबाचीही नव्हेत. सर्वाधिक पत्रे असतात कंबरदुखीची. त्यांतल्या बहुतेक पत्रांत एक वाक्य हमखास सापडते, “डॉक्टरसाहेब, माझ्या मणक्यात गॅप आहे.” कोणी सोबत एमआरआयच्या रिपोर्टची झेरॉक्स जोडतात, कोणी विचारतात की आता जन्मभर वाकायचेच नाही का? एका शेतकरी बंधूंनी तर गॅप निघाला म्हणून दावणीची दुभती म्हैस विकून टाकली. धार काढायला बसलात तर अंथरूण धराल, असे कोणीतरी त्यांना सांगितले होते. दुखण्यापेक्षा दुखण्याच्या नावाने माणूस अधिक खचतो तो असा. म्हणून आज सुरुवात या ‘गॅप’पासूनच करू.

आपल्या कण्यात मानेचे ७, पाठीचे १२ आणि कमरेचे ५ असे २४ सुटे मणके एकावर एक रचलेले असतात. दोन मणक्यांच्या मध्ये गादी असते. बाहेरून चिवट तंतूंचे वेटोळे आणि आत पाणीदार गर, अशी तिची रचना. शरीराचा भार कमरेच्या शेवटच्या दोन गाद्यांवर सर्वात जास्त येतो, म्हणून बिघाडही बहुधा तिथेच दिसतो. वय वाढते तसे गादीतले पाणी कमी होते आणि ती थोडी बसते. म्हणजे दोन मणक्यांमधले अंतर वाढत नाही, उलट कमी होते! ‘गॅप कमी झाला’ याचे बोलता बोलता ‘गॅप पडला’ झाले, आणि रुग्णाला वाटू लागले की आपले मणके एकमेकांपासून सुटले. तसे काहीही झालेले नसते.

बरे, गादी बसली किंवा थोडी बाहेर फुगली म्हणजे कंबर दुखणारच का? १९९४ साली अमेरिकेत कंबर अजिबात दुखत नसलेल्या ९८ जणांचे एमआरआय काढून पाहिले. त्यांपैकी ५२ टक्के लोकांत एक तरी गादी फुगलेली आढळली. पुढे २०१५ मध्ये अशा अनेक अभ्यासांची एकत्र छाननी झाली. काहीही त्रास नसलेल्या माणसांमध्ये गादीची झीज विशीत ३७ टक्के, पन्नाशीत ८० टक्के आणि ऐंशीत ९६ टक्के लोकांत दिसली. केस पिकतात, कातडीला सुरकुत्या पडतात, तशी गादीही पिकते. पांढऱ्या केसांमुळे डोके दुखते असे आपण म्हणत नाही. रिपोर्टमधल्या प्रत्येक शब्दाला दुखण्याचे कारण समजणे हे तितकेच चुकीचे आहे.

मग दुखते काय? प्रामाणिक उत्तर असे की, दहापैकी नऊ जणांत दुखण्याचे एकच एक ठिकाण बोट ठेवून दाखवता येत नाही. स्नायू, बंध, मणक्यांचे छोटे सांधे, गादी अशा अनेकांचा त्यात वाटा असतो. तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकलेल्या कंबरदुखीला आम्ही जुनी कंबरदुखी म्हणतो. अशा दुखण्यात मूळ इजा भरून आलेली असते, पण शरीराची इशाऱ्याची घंटा हळवी होऊन बसते. उंबऱ्यात वारा आला तरी भुंकणाऱ्या कुत्र्यासारखे तिचे होते. अपुरी झोप, कर्जाची काळजी, घरातला ताण, ‘आता मी निकामी झालो’ ही भीती, यांनी ती आणखी वाजते. म्हणजे दुखणे मनाचे खेळ आहे असा अर्थ कृपया काढू नका. दुखणे खरेच असते.

अर्थात प्रत्येक कंबरदुखी साधी नसते, आणि येथे वाचकांनी जरा थांबून वाचावे. सायंकाळी बारीक ताप येतो, वजन उतरते, भूक मंदावते, रात्री पडून राहिले तरी कंबर ठणकते, अशी लक्षणे असतील तर मणक्याच्या क्षयाची शंका घ्यायलाच हवी. पर्सिव्हल पॉट या इंग्रज शल्यविशारदाने १७७९ मध्ये या आजाराचे वर्णन केले, म्हणून त्याला ‘पॉटचा आजार’ असेही म्हणतात. आपल्याकडे हा आजार आजही आढळतो. खोकला नाही म्हणजे क्षय नाही, हा समज घातक आहे. वेळेत ओळखला तर बहुतेक रुग्ण औषधांनी बरे होतात आणि ही औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. उशीर झाला तर कुबड येते, पाय लुळे पडू शकतात. पूर्वी कर्करोग होऊन गेलेल्या व्यक्तीची नव्याने सुरू झालेली कंबरदुखीही अशीच लगेच तपासून घ्यावी.

दुसरी गोष्ट याहून तातडीची. कंबरदुखीबरोबर लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, शौचावरचा ताबा गेला, बैठकीच्या जागेला बधिरपणा आला किंवा पायातली ताकद झपाट्याने कमी झाली, तर सकाळची वाट पाहू नका. रात्रीच जिल्हा रुग्णालय गाठा. येथे तासांचा हिशोब असतो. तिसरी गोष्ट तरुणांची. चाळिशीच्या आतल्या मुलाची कंबर पहाटे आखडते, अर्धा-पाऊण तास सुटत नाही, हिंडले-फिरले की बरे वाटते आणि पडून राहिले की वाढते, असे महिनोन् महिने चालले असेल तर तो मणक्यांचा संधिवात असू शकतो. त्याचे उपचार वेगळे आहेत. वयस्कर आजींची कंबर साध्या घसरण्याने एकाएकी दुखू लागली, तर ठिसूळ मणका दबला नाही ना, हे क्ष-किरण काढून पाहावे.

यातले काहीही नसेल तर निर्धास्त व्हा, आणि मुख्य म्हणजे उठून हिंडा-फिरा. ‘महिनाभर फळीवर सक्त विश्रांती’ हा सल्ला एके काळी सर्रास दिला जाई. १९९५ मध्ये फिनलंडमधील हेलसिंकी येथे नव्याने कंबर धरलेल्या कामगारांचे तीन गट केले. एकाला दोन दिवस अंथरुणात ठेवले, दुसऱ्याला व्यायाम दिले, तिसऱ्याला सांगितले की जमेल तसे रोजचे व्यवहार करत राहा. लवकर बरा झाला तो तिसरा गट. जुन्या दुखण्यात तर पडून राहणे अधिकच वाईट. कण्यालगतचे स्नायू वापराविना रोडावतात आणि मग पाच किलोची पिशवीही जड होते. मांडीमागून पोटरीपर्यंत कळ जाते त्या सायटिकातही बहुसंख्य रुग्ण काही आठवड्यांत शस्त्रक्रियेविना सुधारतात. बाहेर आलेली गादी अनेकदा आपोआप आक्रसते. शस्त्रक्रिया लागते ती थोड्यांना.

आता पट्ट्याविषयी. बाजारात औषधाच्या दुकानासमोर टांगलेले पट्टे आपण पाहतोच. माझ्याकडे येणारे कित्येक जण चार-चार वर्षे पट्टा बांधून असतात, झोपेतसुद्धा! जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुन्या कंबरदुखीसाठी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. पट्टा आणि वजन लावून ताण देणे हे उपचार सरसकट वापरू नयेत, असे तीत सांगितले आहे. भर दिला आहे तो व्यायामावर, रुग्णाला नीट समजावून सांगण्यावर आणि गरजेप्रमाणे मानसोपचारावर. मालिशलाही त्यात जागा आहे, त्यामुळे तेल लावून शेक घेणाऱ्यांनी नाराज होऊ नये. गरम पाण्याच्या पिशवीने बरे वाटते, जरूर घ्या.

गावाकडे उसण भरली की पायाळू माणसाकडून कमरेत लाथ मारून घेतात. गंमत अशी की नवी उसण बहुधा काही दिवसांत आपोआप कमी होते, त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या दिवशी लाथ मारणाऱ्याला यश मिळतेच. पण मणक्यात क्षय किंवा ठिसूळपणा असेल तर हीच लाथ महागात पडेल. त्याहून मला भीती वाटते ती आठवडी बाजारात मिळणाऱ्या विनानावाच्या पुड्यांची. एका पुडीत जादू झाल्यासारखे वाटते, कारण तिच्यात बहुधा स्टिरॉइड असते. मग चेहरा सुजतो, साखर वाढते आणि ज्या हाडांसाठी पुडी घेतली तीच पोखरली जातात. वेदनाशामक गोळ्याही दुकानातून मनाने आणून महिनोन् महिने खाऊ नयेत. जठर आणि मूत्रपिंड त्याची किंमत मोजतात, विशेषतः रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या रुग्णांत.

व्यायाम कोणता, हा पुढचा प्रश्न. सर्वांत स्वस्त व्यायाम म्हणजे चालणे. ऑस्ट्रेलियात नुकत्याच कंबरदुखीतून उठलेल्या ७०१ जणांवर एक अभ्यास झाला, तो २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना हळूहळू वाढवत आठवड्यातून पाच वेळा अर्धा तास चालायला लावले, त्यांचे दुखणे उलटायला सरासरी २०८ दिवस लागले; ज्यांनी काहीच केले नाही त्यांचे ११२ दिवसांतच उलटले. तेव्हा दहा मिनिटांपासून सुरुवात करा आणि दर आठवड्याला थोडी भर घाला.

चालण्याच्या जोडीला घरी सतरंजीवर चार गोष्टी कराव्यात. पाठीवर झोपून एकेक गुडघा आणि मग दोन्ही गुडघे पोटाशी घ्यावेत. मग गुडघे वाकवून तळवे जमिनीवर टेकवावेत आणि कंबर हळूच वर उचलून पाच अंक मोजावेत. पालथे झोपून कोपरांवर छाती उचलावी. शेवटी हात-गुडघ्यांवर ओणवे होऊन मांजरासारखी पाठ वर काढावी व खाली सोडावी. प्रत्येक गोष्ट आठ-दहा वेळा, श्वास न रोखता. पहिले काही दिवस अंग थोडे दुखेल. ते घातक नसते, नांगरटीच्या पहिल्या दिवशी दुखते तसेच ते. मात्र कळ पायात उतरू लागली तर तो प्रकार थांबवून डॉक्टरांना विचारा. फळ दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात आणि नेमके तिसऱ्या आठवड्यात लोक कंटाळून सोडतात, हा माझा अनुभव.

ही कसरत पहाटे उठल्या उठल्या मात्र करू नका. रात्रभर आडवे राहिल्याने गाद्या पाणी शोषून फुगलेल्या असतात. सकाळी आपली उंची सेंटिमीटरभराने जास्त भरते ती त्यामुळेच. अशा टम्म गादीवर वाकण्याचा ताण जास्त पडतो. अमेरिकेत १९९८ मध्ये जुनी कंबरदुखी असलेल्यांना एवढेच सांगून पाहिले की, उठल्यापासून पहिले दोन तास वाकणे टाळा. त्यांचे दुखणे कमी झाले. आता आपल्या घरातल्या बाईचे पहिले दोन तास आठवा. केर काढणे, सडा-रांगोळी, नळाला पाणी आले की हंडे भरणे, सारी वाकायची कामे नेमकी तेव्हाच! पाण्याची वेळ तिच्या हातात नसते हे मला समजते. पण केरसुणीला लांब दांडा लावता येईल, रांगोळी पाटावर बसून काढता येईल आणि हंडा घरातल्या धडधाकट मुलाने उचलला तर त्याचे काही बिघडणार नाही.

ओझे उचलताना ते अंगालगत घ्यावे, गुडघ्यात बसून उठावे आणि उचलता उचलता कमरेत पिळवटू नये. पोते दोघांनी उचलावे. खुरपणी करणाऱ्या बायांनी अर्ध्या-पाऊण तासाने उभे राहून, कमरेवर हात ठेवून चार-पाच वेळा मागे झुकावे. सायकल कोळप्यासारखी उभ्याने चालवायची अवजारे जिथे जमतील तिथे वापरावीत. दुकानात गल्ल्यावर बसणारे, गाडी चालवणारे, कचेरीत खुर्चीवर बसणारे यांनाही हेच. कमरेच्या पोकळीत टॉवेलची गुंडाळी ठेवा आणि अर्ध्या तासाने उठा.

अंथरुणाबद्दलही बरेच जण विचारतात. फळीवरच झोपले पाहिजे असे नाही. स्पेनमध्ये जुनी कंबरदुखी असलेल्या ३१३ जणांना वेगवेगळ्या गाद्यांवर झोपवून पाहिले, तो अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. अगदी कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांना जास्त आराम पडला. तेव्हा महागड्या गादीच्या जाहिरातीला भुलू नका. घरातली कापसाची गादी पिंजून भरून घेतलीत तरी काम भागेल. कुशीवर झोपत असाल तर दोन गुडघ्यांच्या मध्ये एक उशी घ्या आणि पहाटे उठताना सरळ न बसता आधी कुशीवर वळून, हाताच्या आधाराने उठा.