मंदावलेले लिनक्स : आधी निदान, मग उपचार

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सर्वसाधारण आधार संपला. विंडोज ११ ला लागणारा टीपीएम २.० हा सुरक्षा-घटक आणि नव्या पिढीचा प्रोसेसर जुन्या लॅपटॉपमध्ये नसतो. म्हणून आपल्यापैकी काहींनी दवाखान्यातील जुन्या लॅपटॉपवर लिनक्स बसविले. ही प्रणाली विनामूल्य आहे आणि जुन्या यंत्रावरही चालते, हा तिचा लौकिक खरा आहे. तरीही ‘लिनक्स घातले, पण लॅपटॉप रांगतोच आहे’ अशी तक्रार सहकाऱ्यांकडून वारंवार ऐकू येते.

बालरोगतज्ज्ञाला ही तक्रार ओळखीची वाटते. ‘डॉक्टर, याला खाल्लेले अंगी लागत नाही, एखादे टॉनिक लिहून द्या,’ असे पालक म्हणतात. टॉनिक लिहिणे सोपे असते. परंतु मुलाला जंत आहेत, क्षय आहे की हृदयाचा जन्मजात दोष, हे न पाहता लिहिलेले टॉनिक मोलाचा वेळ दवडते. ‘हलका डेस्कटॉप घाला’, ‘अमुक सेवा बंद करा’ हे सल्ले अशीच टॉनिके आहेत. कधी लागू पडतात, कधी मूळ आजार झाकतात.

रोगेतिहास

लॅपटॉप ‘केव्हा’ मंदावतो, या एका प्रश्नात अर्धे निदान असते.

१) सुरू होताना व प्रत्येक प्रोग्रॅम प्रथम उघडताना रेंगाळतो, पुढे बरा चालतो : फिरती हार्ड डिस्क हे कारण. मिनिटाला ५४०० फेरे घेणाऱ्या डिस्कला एका फेरीस सुमारे ११ मिलिसेकंद लागतात. विखुरलेली माहिती गोळा करताना सेकंदाला शंभर वाचनेही होत नाहीत. एसएसडी तीच हजारोंनी करते.

२) ब्राउझरची चार-पाच पाने उघडताच अडखळतो : मेमरी अपुरी. मेमरीत न मावणारा भाग लिनक्स डिस्कवरील ‘स्वॅप’मध्ये ठेवते, आणि डिस्क मेमरीच्या तुलनेत हजारो पटींनी मंद असते.

३) अर्ध्या तासाने मंदावतो, पंखा घोंघावतो : यंत्र तापते आहे. प्रोसेसर स्वतःला वाचविण्यासाठी गती उतरवितो. माळव्यातील उन्हाळ्याची धूळ पंख्याच्या जाळीत बसली, की हे ठरलेलेच.

४) विशिष्ट फाइल उघडताना काही सेकंद गोठतो आणि पुन्हा चालू लागतो : हे धोक्याचे लक्षण. डिस्कचा एखादा भाग वाचता येत नसून ती पुनःपुन्हा प्रयत्न करीत असण्याचा संभव असतो.

तपासणी

टर्मिनलमधील तीन आज्ञा पुरेशा आहेत. ‘फ्री’ ही आज्ञा मेमरी व स्वॅप किती वापरात आहे ते सांगते. त्यात ‘अव्हेलेबल’ हा रकाना पाहावा, ‘फ्री’ हा नव्हे, कारण रिकामी मेमरी लिनक्स तात्पुरत्या साठवणीसाठी वापरीतच असते. ‘टॉप’ या आज्ञेत ‘डब्ल्यू-ए’ हा आकडा पाहावा. तो सतत मोठा असेल, तर प्रोसेसर रिकामा बसून डिस्कची वाट पाहत आहे.

येथे निदानाचे दोन फाटे फुटतात. डिस्कवर भार मेमरी अपुरी म्हणून पडतो आहे, की डिस्कच आजारी आहे? ‘व्हीएमस्टॅट’ ही आज्ञा ते ठरविते. तिच्या ‘एस-आय’ व ‘एस-ओ’ या रकान्यांत आकडे धावत असतील, तर स्वॅप चालू आहे, दोष मेमरीचा. तेथे शून्य असूनही प्रतीक्षा मोठी असेल, तर ‘स्मार्टमनटूल्स’ हा संच बसवून डिस्कच्या प्रकृतीचा अहवाल घ्यावा. त्यात ‘करंट पेंडिंग सेक्टर’ किंवा ‘रीॲलोकेटेड सेक्टर’ यांपुढे शून्याहून मोठा व वाढता आकडा दिसल्यास डिस्कवर विसंबू नये. अहवालाच्या माथ्यावर ‘पास्ड’ असे लिहिले असले तरी.

एक रुग्ण

माझ्या दवाखान्यातील लॅपटॉप २ जीबी मेमरीचा होता. त्यावर बारा वर्षांच्या लसीकरणाच्या नोंदी व बालकांचे वाढीचे तक्ते होते. सर्वांचा सल्ला एकच, हलका डेस्कटॉप घालण्याचा. परंतु केवळ नोंदींचा प्रोग्रॅम उघडा असताना, स्वॅप शून्य असूनही, प्रतीक्षेचा आकडा सत्तरच्या वर जात होता. अहवालात पेंडिंग सेक्टर निघाले. हलक्या डेस्कटॉपने यंत्र काही दिवस तरतरीत दिसले असते, आणि त्या अवधीत नोंदी गेल्या असत्या. कोणत्या बाळाला कोणता डोस द्यायचा राहिला, हे मग त्याच्या आईच्या स्मरणावर सोपवावे लागले असते.

उपचार

उपचारांचा क्रम महत्त्वाचा. प्रथम नोंदींची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी. डिस्क आजारी असताना दुरुस्तीचे प्रोग्रॅम त्याआधी चालवू नयेत, कारण प्रत्येक अतिरिक्त फेरीत ती आणखी ढासळू शकते. मग एसएसडी बसवावी, शक्य तेवढी मेमरी वाढवावी, पंखा स्वच्छ करून प्रोसेसरवरील उष्णतावाहक लेप बदलावा. हलका डेस्कटॉप, उदाहरणार्थ एक्सएफसीई, शेवटी. मेमरी वाढविणे शक्य नसेल, तर ‘झेडरॅम’ ही सोय मेमरीतील मजकूर दाबून साठविते. वरील लॅपटॉप पूर्वी साडेतीन मिनिटांत सुरू होई; एसएसडी व ४ जीबी मेमरीनंतर पाऊण मिनिट पुरते.

प्रोसेसर ३२ बिटांचा असेल, तर मात्र खर्च करू नये. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ पासून त्या संगणकांसाठी इन्स्टॉलर मिळत नाही. अशा यंत्रास सन्मानाने निवृत्त करावे.

काढलेली डिस्क भंगारवाल्यास देऊ नये. तिच्यावर मुलांची नावे, पत्ते आणि आजार आहेत. ती नष्ट करणे हा रुग्णाच्या गोपनीयतेचाच भाग आहे. नव्या डिस्कचा अहवाल दर तीन महिन्यांनी पाहावा आणि नोंदींची प्रत दर आठवड्यास घ्यावी. लसीकरणाचे वेळापत्रक आपण पालकांना बजावून सांगतो. हे वेळापत्रक आपण पाळावे.