किल्लारीचा प्रश्न सोबत ने

नांदेड

चि. माईस,


इटलीत पावियाला उन्हाळी अभ्यासासाठी जायचं तुझं नक्की झालं, फार बरं झालं. वर्ग संपल्यावर उरणाऱ्या दिवसांत काय काय बघावं, असं तू विचारलंस. शेंगेनचा व्हिसा म्हणजे 29 देशांचा एकच परवाना. सकाळचा चहा एका देशात आणि रात्रीचं जेवण दुसऱ्या देशात, असंही करता येतं. त्यामुळे पॅरिस, स्वित्झर्लंड, ॲमस्टरडॅम अशी यादी लांबत जाणं साहजिक आहे. माझा सल्ला मात्र यादी छाटण्याचा आहे. इथून निघताना एक प्रश्न सोबत घे. कुठे जायचं, किती दिवस थांबायचं, कुणाशी बोलायचं, हे त्या प्रश्नाला ठरवू दे. तू मूळची औसा तालुक्यातली आणि शिकतेस विष्णुपुरीत, स्थापत्य अभियांत्रिकी. तुझा प्रश्न शोधायला लांब जायला नको. तो किल्लारीच्या भूकंपाचा आहे.

आपल्याकडची जी माणसं युरोपातून खरोखर काही कमावून आली, ती बहुधा काम घेऊनच गेली होती. बाबासाहेब आंबेडकरांनी 1923 साली लंडनची डी.एस्सी. मिळवली ती रुपयाच्या प्रश्नावर. ग्रंथसंग्रह लंडनचा, प्रश्न इथला. इरावती कर्वे विसाच्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला गेल्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर वंशश्रेष्ठत्व मानणारे होते, आणि कवट्यांच्या मोजमापातून युरोपीय वंशाचं वेगळेपण सिद्ध होईल अशी त्यांची अपेक्षा होती. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या, तसा फरक दिसत नाही हे त्यांना आढळलं आणि त्यांनी तेच प्रबंधात लिहिलं. गुरूचा निष्कर्ष तिथेच नाकारला, मोजण्या-तपासण्याची रीत तेवढी सोबत आणली आणि पुढे इथल्या जाती नि नातेव्यवस्थेच्या अभ्यासाला लावली. तू म्हणशील, ते वर्षानुवर्षं राहिले, मी काही आठवड्यांची पाहुणी. खरं आहे. म्हणूनच तुझा प्रश्न त्यांच्याहून लहान आणि नेमका हवा. ज्याच्या हाताशी वर्षं आहेत त्याला भटकत भटकत विषय सापडू शकतो. तुला ती चैन परवडणारी नाही.

आता प्रश्नाकडे येऊ. 30 सप्टेंबर 1993, पहाटे चारच्या सुमाराला किल्लारी-सास्तूर पट्टा हादरला. तीव्रता 6.2 च्या आसपास, मृत्यू साडेसात हजारांहून अधिक. 6 एप्रिल 2009, पुन्हा पहाटेचीच वेळ, मध्य इटलीतल्या लाक्विला शहराला 6.3 चा धक्का बसला. तिथे 309 माणसं गेली. हे आकडे शेजारी ठेवून ‘श्रीमंत देश, म्हणून माणसं वाचली’ असं म्हणून मोकळं होता येतं, पण अभियंत्याने एवढ्यावर थांबू नये. आपल्या माळवदाच्या घराची भिंत आठव. बाहेरून दगडाचा एक पदर, आतून दुसरा, मधे मातीत बसवलेल्या दगडगोट्यांचा भराव. जाडी दोन-अडीच फूट आणि त्याहून जास्त, पण दोन्ही पदरांना धरून ठेवणारा आरपार दगड बहुतेक ठिकाणी नाही. छतावर उन्हापासून बचावाला मातीचा जाड थर. गळायला लागलं की त्यावर आणखी माती. जमीन हलली की पदर एकमेकांपासून सुटतात, भिंतीचं पोट फुटतं आणि तो सगळा बोजा झोपलेल्या माणसांवर येतो. लाक्विलाच्या जुन्या वस्तीतल्या अनेक दगडी भिंतीही अशाच फुटल्या. पण त्याच शहरात विद्यार्थ्यांचं एक वसतिगृह कोसळून आठ जण गेले, आणि ती इमारत साठच्या दशकातली, काँक्रीटची होती. ‘दगड वाईट, सिमेंट चांगलं’ हा किल्लारीनंतर आपल्याकडे घरोघरी रुजलेला समज त्या एका इमारतीपुढे टिकत नाही. भिंत भिंतीला आणि छत भिंतीला कशाने बांधलं आहे, हे पाहिल्याशिवाय घर भक्कम की कच्चं ते सांगता येत नाही. पावियाच्या भूकंप अभियांत्रिकी केंद्रात खरीखुरी दुमजली दगडी घरं कंपनमंचावर बांधून हलवून पाहिलेली आहेत. ती कामं करणाऱ्यांना आपल्या भिंतीचा छेद काढून दाखव आणि पहिली भेग कुठे पडेल ते विचार.

प्रश्नाचा दुसरा भाग भिंतीच्या पलीकडचा आहे. किल्लारीनंतर 52 गावं नव्या जागी वसवली गेली. सरळ रुंद रस्ते, आखलेले प्लॉट, सुटी सुटी घरं. लोकांना सुरक्षित छप्पर मिळालं, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण आखणी शहरातल्या कॉलनीची आणि राहणारा शेतकरी. मग बैल कुठे बांधायचे, कडबा कुठे रचायचा, दुपारी बायकांनी बसायचं कुठे? इटलीत याच प्रश्नाची दोन टोकं बघायला मिळतात. सिसिलीतलं जिबेल्लिना 1968 च्या भूकंपात उद्ध्वस्त झालं आणि नवं गाव जवळपास 20 किलोमीटर लांब, मोठमोठ्या कलावंतांच्या हातून सजवून उभं केलं. जुन्या गावाच्या अवशेषांवर आल्बेर्तो बुर्री या कलावंताने पांढऱ्या काँक्रीटचं आवरण घातलं. जिथे गल्ल्या होत्या तिथे आता त्या काँक्रीटमधून चालायच्या खोल वाटा आहेत. दुसरं टोक उत्तरेकडचं वेंझोने. 1976 मध्ये ते कोसळलं, पण लोकांनी गाव जिथे होतं तिथेच आणि होतं तसंच हवं, असा हट्ट धरला. मुख्य चर्चच्या ढिगाऱ्यातला दगडन् दगड मोकळ्या रानात मांडला, जुन्या फोटोंशी ताडून ओळखला, क्रमांक घालून पुन्हा आपल्या जागी चढवला. हे वाचून ‘आपणही असंच करायला हवं होतं’ असं घाईने म्हणू नकोस. एका लहान ऐतिहासिक गावाला वर्षानुवर्षं वेळ देता येतो; पुढच्या पावसाळ्याआधी हजारो कुटुंबांच्या डोक्यावर छप्पर घालायचं असतं तेव्हा हिशेब वेगळा असतो. म्हणून तिथे जाऊन तुलाच तपासायचं आहे की कोणती गोष्ट पैशाने झाली, कोणती वेळेने, आणि कोणती फक्त लोकांना विचारल्यामुळे झाली. आपल्याला परवडण्यासारखी बहुधा तिसरीच असेल.

कुणी म्हणेल, एवढ्यासाठी इटली कशाला, रुरकीला जा. आक्षेप वजनदार आहे. रुरकीत भूकंप अभियांत्रिकीचं शिक्षण 1960 पासून चालू आहे, आणि कमकुवत दगडी बांधकाम भूकंपात टिकावं यासाठीचं भारतीय मानक नेमकं 1993 सालचंच आहे. आरपार दगड, आडवे पट्टे, कोपऱ्यांची जोडणी, सगळं त्यात आहे. किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा भूकंप क्षेत्रांच्या नकाशात लातूर सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होतं. 2002 मध्ये तो भाग तिसऱ्या क्षेत्रात टाकला गेला. म्हणजे ज्ञान घरात आहे, आणि शक्य झालं तर आधी रुरकीला जाऊनच ये. पण इटलीकडून शिकायचं ते निराळं आहे. 1908 साली मेस्सिनाच्या भूकंपात हजारोंचा बळी गेल्यावर लगेच पुढच्या वर्षी तिथे बांधकामाचे नियम आले, आणि तरी शंभर वर्षांनी लाक्विला पडलं. नियमाचा कागद आणि गवंड्याची थापी यांच्यातलं अंतर तिथे कुठे कमी झालं आणि कुठे तसंच राहिलं, हे शंभर वर्षांच्या अनुभवावर तपासता येतं. आपल्या तीस-पस्तीस वर्षांच्या अनुभवावर ते तेवढं नीट दिसत नाही.

दुसरा आक्षेप तुझ्या मैत्रिणी घेतील: विशीत युरोपला जायचं आणि पडक्या भिंती बघत बसायचं? रोमला जरूर जा, आल्प्सही बघ, त्यात गैर काही नाही. पण बारा शहरांत एकेक दिवस राहिलं की सगळीकडे स्टेशन, चौक आणि आइस्क्रीम एवढंच पदरी पडतं. एका गावात चार दिवस थांबलीस तर दुकानदार ओळखायला लागतो, कुणाची तरी आजी घर दाखवायला नेते. खर्चाचा हिशेबही याच बाजूने आहे, कारण सततच्या प्रवासात आणि रोजच्या नव्या हॉटेलात पैसा सर्वांत लवकर संपतो. बाबांनी जमवलेली रक्कम तशी उडवू नये. आणखी एक. परीक्षेच्या तयारीच्या लातूर पॅटर्नने तुला समोर आलेल्या प्रश्नाचं अचूक उत्तर वेळेत लिहायची सवय लावली. ती सवय मोलाची आहे, तिच्यामुळेच तू इथवर आलीस. तिथे मात्र प्रश्नपत्रिका कुणी वाटणार नाही. स्वतःचा प्रश्न नसेल तर माणूस दुसऱ्याच्या यादीतली ठिकाणं टिकमार्क करत फिरतो.

तेव्हा तिकीट काढण्याआधी दोन दिवस किल्लारीला जा. जुन्या गावठाणातल्या उरल्यासुरल्या भिंतींची जाडी मोज, छेदाचं रेखाटन कर, फोटो घे. नव्या गावात लोकांनी घराला मागून-पुढून काय जोडलं आहे ते टिपून ठेव, कारण आखणीत काय राहून गेलं ते त्या जोडकामातच कळतं. म्हाताऱ्या गवंड्यांना विचार की आता ते भिंत कशी बांधतात आणि का. कामापुरतं इटालियन शिकून घे; प्राध्यापक इंग्रजीत बोलतील, पण वेंझोनेतला गवंडी बोलेलच असं नाही. परत आलीस की दहा-बारा पानं मराठीत लिही, आकृत्यांसकट, आणि कॉलेजात सादर करण्याआधी औशाच्या एखाद्या गवंड्याला वाचून दाखव. त्याला पटलं नाही तर पुन्हा लिही.

किल्लारीहून आलीस की काय पाहिलंस ते कळव. वेंझोनेला किती दिवस द्यायचे ते त्यावरून ठरवू.

तुझा,
मामा