फुटक्या डब्यातले रोप

मिरचीचे बी तळहातावर घेऊन नीट पाहा. ते किती चपटे आणि हलके असते! टोमॅटोचे बी तर असे, की एका ग्रॅममध्ये 300 च्या आसपास बिया भरतात. असे इवलेसे बी थेट शेताच्या ढेकळांत टाकले, तर काही मुंग्या ओढून नेतील, काही पावसाच्या पहिल्याच सपाट्याने चिखलात दडपले जाईल. म्हणून आपला शेतकरी ज्वारी व तूर तिफणीने पेरतो, भेंडी व गवार जागेवरच टोकतो. आणि मिरची, वांगे, टोमॅटो, कांदा यांचे मात्र आधी रोप टाकतो. पेरणे, टोकणे, रोप टाकणे : तीन कृतींस तीन शब्द. हे शब्द कोणा पंडिताने घडविलेले नाहीत. ते शेताच्या बांधावरच जन्मले.

देगलूर हे नांदेड जिल्ह्याच्या दक्षिणेकडील गाव. तेलंगणा आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांच्या सीमा येथून जवळ. त्यामुळे येथील बाजारात एकाच टोपलीतील वांग्यास कोणी वंकाय म्हणतो, कोणी बदनेकाई, तर कोणी बैंगन. नावे निराळी असली तरी ते पिकविणाऱ्यांची अडचण एकच आहे. मृग नक्षत्र 7 जूनच्या सुमारास लागते. पाऊस पडल्यावर मिरचीचे रोप टाकावयास घेतले, तर ते लावणीयोग्य होण्यास पाच-सहा आठवडे जातात आणि पावसाळ्याचे मोलाचे दिवस हातचे निसटतात. बरे, मे महिन्याच्या मध्यासच रोप टाकावे म्हटले, तर विहिरी तळास गेलेल्या असतात. शेजारच्या लातूर शहरास 2016 च्या एप्रिलात मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले होते, हे तुम्ही मोठ्यांकडून ऐकले असेल. अशा दिवसांत मोठ्या वाफ्यास रोज पाणी कोण देणार? परंतु घराच्या सावलीत ठेवलेल्या एका डब्यास भाजी धुतलेले तांब्याभर पाणीही पुरते. डब्यातल्या रोपाचे खरे महत्त्व येथे आहे.

त्यासाठी विकत काही आणावयास नको. गळका पत्र्याचा डबा, फुटक्या माठाचे बूड, दह्याचा प्लॅस्टिकचा डबा, दुधाची रिकामी पिशवी, नारळाची करवंटी यांतील काही ना काही प्रत्येक घरी निघते. तेलाचा मोठा डबा आडवा ठेवून वरची बाजू कापून घेतली, तर त्यात पन्नासएक रोपे सहज मावतात. कापलेली धार मात्र मोठ्या माणसाकडून ठोकून बोथट करून घ्यावी. माझ्या मते या सर्वांत माठाचे बूड उत्तम. त्याच्या अंगातून ओल झिरपते व आतील माती थंड राहते. याउलट पत्र्याचा डबा मे महिन्याच्या उन्हात इतका तापतो, की कोवळी मुळे आतल्या आत होरपळून जातात. त्याला भोवती ओले गोणपाट गुंडाळावे आणि तो सावलीत ठेवावा.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळा. कापूस व सोयाबीन यांच्यावर फवारण्याच्या विषारी औषधांचे रिकामे डबे आपल्या शिवारात पडलेले आढळतात. ते दहा वेळा धुतले तरी घेऊ नयेत, किंबहुना त्यांस हातही लावू नये. वास गेला म्हणजे विष गेले असे होत नाही.

डबा कोणताही असो, त्याच्या बुडास खिळ्याने पाच-सहा छिद्रे पाडावीत व प्रत्येक छिद्रावर खापरीचा एकेक तुकडा ठेवावा, म्हणजे पाणी निघून जाते आणि माती राहते. आपली काळी माती कापसाला आईसारखी असली, तरी डब्यात ती एकटी कामाची नाही. ओली झाली की ती फुगून चिकट होते, वाळली की आक्रसून भेगाळते, आणि त्या भेगांत नाजूक मुळे तुटतात. म्हणून एक भाग माती, एक भाग चाळलेले कुजके शेणखत व एक भाग वाळू असे मिश्रण करावे. ते चार बोटे खोल भरले की पुरे. बी त्याच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट खोल जावे. त्याहून खोल गेल्यास कोंब वर येईपर्यंत त्याची शिदोरी संपते. ही शिदोरी बियाच्या पोटातच असते. बी रुजावयास पाणी, हवा आणि ऊब लागते. मिरची, वांगे, टोमॅटो यांना प्रकाशाची गरज कोंब वर आल्यावरच पडते. म्हणून उगवेपर्यंत डब्यावर ओले गोणपाट झाकतात. टोमॅटो व वांगे आठवड्याभरात डोके वर काढतात. मिरची दहा-बारा दिवस वाट पाहावयास लावते. पहिले कोंब दिसताच मात्र गोणपाट काढलेच पाहिजे, नाहीतर रोपे प्रकाशाच्या शोधात उंच, पिवळी व लुळी होतात.

हौशी मुलांची रोपे बहुधा तहानेने नव्हे, तर अति पाण्याने मरतात. माती सतत चिंब राहिली की तिच्यात बुरशी माजते, रोप जमिनीलगत सडते आणि एका रात्रीत आडवे होते. शेतकरी यास रोप कोलमडणे म्हणतात. एकदा कोलमडलेले रोप पुन्हा उभे राहत नाही. तेव्हा बोट मातीत खुपसून पाहावे. ओल लागली तर त्या वेळी पाणी देऊ नये. रोपे दाट झाली असल्यास काही उपटून टाकावीत. हे काम जिवावर येते खरे, परंतु ते न केल्यास सारीच रोपे किडकिडीत राहतात.

लावणीपूर्वी आठवडाभर पाणी हळूहळू कमी करावे व डबा रोज थोडा अधिक वेळ उन्हात ठेवावा. सावलीत लाडावलेले रोप एकदम शेतात नेले तर माना टाकते. लावणी सायंकाळी करावी. दोडका, कारले, दुधी यांच्या मुळांना धक्का सोसत नाही. त्यांचे बी करवंटीत किंवा दुधाच्या पिशवीत एकेक लावावे, आणि पुढे करवंटी फोडून अथवा पिशवी कापून मातीच्या गड्ड्यासकट ते खड्ड्यात ठेवावे.

आता बी कोठून आणावयाचे? दुकानात मिळणारे संकरित बी पीक भरपूर देते, पण त्याच्या फळातील बी पुढच्या वर्षी लावले तर सगळी झाडे मूळ झाडासारखी निपजत नाहीत. गावरान वाणाचे बी घरी धरता येते. आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावी राहीबाई पोपेरे राहतात. त्यांना शाळेत जावयास मिळाले नाही. परंतु भाज्यांचे व धान्यांचे कितीतरी गावरान वाण त्यांनी जपून ठेवले आणि शेतकऱ्यांना वाटले. 2020 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. लोक त्यांना बीजमाता म्हणतात.

घरी बी धरावयाचे असल्यास निरोगी झाडावरचे एक चांगले फळ न तोडता राखून ठेवावे. वांगे पिवळे पडेपर्यंत, मिरची लालभडक होऊन सुकेपर्यंत झाडावरच राहू द्यावी. मग बी काढून सावलीत वाळवावे, चिमूटभर कोरड्या राखेत घोळवून कोरड्या बाटलीत भरावे आणि तिच्यावर वाणाचे नाव व महिना लिहून ठेवावा. मिरचीचे बी असे दोन वर्षेही टिकते. कांद्याचे मात्र वर्षाच्या आतच पेरून टाकावे लागते.