थेरपीला सूट, सुपरव्हिजनला नाही

प्रश्न : मी आरसीआयकडे नोंदणी असलेली क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. कोथरूडला अकरा वर्षे स्वतःची प्रॅक्टिस करते. थेरपीतून वर्षाला साधारण १८.५ लाख रुपये जमा होतात. ही आरोग्यसेवा असल्याने जीएसटी लागत नाही, असे सीएंनी सांगितल्यामुळे नोंदणी केलेली नाही. आता सहा तरुण समुपदेशक माझ्याकडे सुपरव्हिजन मागत आहेत. प्रत्येकी महिन्याला दोन तास, तासाला १,५०० रुपये, असे डोक्यात आहे. यामुळे कराच्या बाबतीत काही बदलते का? आणि त्यांच्या क्लायंटच्या बाबतीत काही चुकले तर जबाबदारी माझ्यावर येईल का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : बदलते, आणि ते आधी कळलेले बरे. जीएसटीतील सूट आहे ती आजाराचे निदान, उपचार किंवा शुश्रूषा यांना. सुपरव्हिजनमध्ये तुमच्यासमोर रुग्ण नसतो, दुसरा व्यावसायिक असतो. तुम्ही त्याचे काम तपासता, त्याला शिकवता. त्याला उपचार म्हणता येणार नाही, म्हणून ही सेवा १८ टक्के दराने करपात्र धरून चालावे.

“पण सुपरव्हिजनचे तर जेमतेम दोन लाखच होणार,” असे तुम्ही म्हणाल. इथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो. फक्त करमाफ सेवा देणाऱ्याला उलाढाल कितीही असली तरी नोंदणी लागत नाही. एकही करपात्र सेवा सुरू झाली की ही सवलत संपते. मग २० लाखांची मर्यादा मोजताना थेरपीचे करमाफ उत्पन्नही त्यात धरले जाते. तुमचेच आकडे घ्या. सहा जणांचे महिन्याला १८,००० म्हणजे वर्षाला २.१६ लाख. त्यात थेरपीचे १८.५ लाख मिळवले की २०.६६ लाख होतात. एप्रिलमध्ये सुरुवात केलीत तर मार्चमध्ये तुम्ही मर्यादा ओलांडाल. त्या दिवसापासून ३० दिवसांत नोंदणीसाठी अर्ज करावा लागतो.

कर मात्र फक्त सुपरव्हिजनच्या शुल्कावर लागेल, थेरपीवर नाही. शुल्क ठरवताना ‘१,५०० अधिक जीएसटी’ असे पहिल्याच दिवशी लिहून द्या. मोघम १,५०० म्हणालात, तर नोंदणीनंतर त्यातले सुमारे २२९ रुपये सरकारकडे जातील आणि तुमच्या हाती १,२७१ उरतील. सुपरव्हिजनचा व्यवसाय वेगळ्या नावाने दाखवूनही सुटका नाही, कारण उलाढाल पॅनवर मोजली जाते. थेरपी आणि सुपरव्हिजन यांच्या पावत्या आजपासूनच वेगळ्या क्रमांकाने फाडा. एखाद्या संस्थेने तिच्या समुपदेशकांसाठी तुम्हाला बोलावले, तर वर्षाचे मानधन ५०,००० रुपयांपलीकडे गेल्यास त्या पूर्ण मानधनातून १० टक्के टीडीएस कापला जाईल. तो २६एएसमध्ये उतरला की नाही, हे पाहायला विसरू नका.

आता जबाबदारीविषयी. समुपदेशक आपल्या जागेत, आपल्या नावाने, आपल्या पावतीवर काम करत असेल, तर क्लायंटशी व्यवहार त्याचा आहे. तोच समुपदेशक तुमच्या क्लिनिकमध्ये, तुमच्या पाटीखाली बसून क्लायंट पाहत असेल आणि पैसे तुमच्या खात्यात येत असतील, तर ती सेवा तुमचीच ठरते. ग्राहक आयोगात तक्रार गेली तर नाव तुमचे येईल. म्हणून दोन्ही गोष्टींची सरमिसळ करू नका. प्रत्येकाशी स्टॅम्प पेपरवर करार करा. तातडीच्या प्रसंगी कोण काय करणार, नोंदी कोण ठेवणार, तुमच्या सल्ल्यानंतर अंतिम निर्णय कोणाचा, हे त्यात स्पष्ट असावे. तुमची प्रोफेशनल इन्डेम्निटी पॉलिसी सुपरव्हिजनच्या कामाला लागू आहे का, हे विमा कंपनीकडून लेखी विचारून घ्या.

गोपनीयतेबद्दल मला विशेष काळजी वाटते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ ने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. केसची चर्चा सुपरव्हिजनमध्ये होणार असल्याची लेखी संमती समुपदेशकाने क्लायंटकडून आधीच घ्यायला हवी. नुसते नाव गाळून भागत नाही. ‘अमुक पेठेतल्या अमुक शाळेच्या मुख्याध्यापिका, नवरा बँकेत’ एवढे लिहिले तरी पुण्यात माणूस ओळखू येतो. केसच्या नोंदी व्हॉट्सअ‍ॅपवर मागवणे तर पूर्ण बंद करा.

एक अपवाद मात्र पक्का लक्षात ठेवा. सुपरव्हिजनमध्ये एखाद्या मुलाच्या लैंगिक छळाची गोष्ट तुमच्या कानावर आली, तर पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणे हे तुमच्यावरही बंधनकारक आहे. “तो कळवेल” असे गृहीत धरून स्वस्थ बसता येत नाही. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकते. ही अट करारात लिहा आणि पहिल्याच बैठकीत मोठ्याने वाचून दाखवा.

शेवटी, जाहिरातीत ‘सर्टिफिकेट’ हा शब्द जपून वापरा. खासगी सुपरव्हिजनच्या तासांवर आरसीआयची नोंदणी मिळत नाही. त्यासाठी मान्यताप्राप्त संस्थेतच प्रशिक्षण घ्यावे लागते. तरुणांची यात फसगत होऊ देऊ नका.

आपल्याकडे अनुभवी सुपरवायझर फार थोडे आहेत, त्यामुळे तुम्ही हे काम जरूर सुरू करा. फक्त पहिला तास घेण्याआधी गेल्या वर्षीची पावतीपुस्तके घेऊन सीएंकडे एकदा जाऊन या.